उभी विळी

माझी विळी एका इंजिनियरिंग कॉलेजात काचेच्या कपाटात ठेवली आहे. कपाटाला कुलूप आहे. विळीखाली एक मराठी चिठ्ठी लावली आहे. त्या चिठ्ठीत काय आहे ते मागाहून येईल, आधी पहिल्यापासून लिहिते.

मुलीच्या जुन्या वहीत पानं कोरी राहिली होती, त्यावर हे लिहिते आहे. कोणाला दाखवायचं नाही. मला चार माणसांत बोलता येत नाही. घशाशी आलेलं मी गिळते आणि घरी येऊन भांडी आपटते. भांडी पुष्कळ आपटून झाली. राग आहे तिथेच आहे.

कर्वेनगरातल्या एका खानावळीत मी भाजी चिरायला होते. सकाळी धायरीहून पहिली बस धरायची, राजाराम पुलापाशी उतरायचं आणि पूल ओलांडून चालत जायचं. आधी डबे कॉलेजच्या मुलांचे असायचे. मग पुण्यात संगणकाच्या कंपन्या आल्या, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली पोरं आली आणि डबे दुप्पट झाले. आमच्या धायरीतही ज्वारीच्या शेतांत बिल्डरांच्या पाट्या लागल्या. सगळं वाढत होतं. भाजी चिरणाऱ्या मात्र आम्ही तिघी होतो त्या तिघीच राहिलो.

विळीवर बसणं म्हणजे उजवा पाय मोडून पाटावर दाबून धरायचा आणि दोन्ही हातांनी भाजी पात्यावर पुढे रेटायची. पहाटेपासून दहापर्यंत पाय तसाच. कोबी, कांदा, गवार, परत कोबी. सात वर्षांनी माझा उजवा गुडघा सुजला. उठताना भिंत धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले, मांडी घालून बसणं बंद करा. मी मालकीणबाईंना ते सांगितलं, म्हणजे दोन दिवस मनात घोकून तिसऱ्या दिवशी सांगितलं. त्या पोळीचा डबा भरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "खाली बसता येत नसेल तर घरी बसा. घरी पलंग असेल."

मग त्यांनी सुरी आणि लाकडी फळी आणून दिली. सुरीने मला जमेना. विळीवर दोन्ही हात भाजीला असतात, सुरीवर एकच उरतो. कोबी जाड कापला जायचा आणि गिऱ्हाईक डब्यातून तो परत पाठवायचं. शेवटी मालकीणबाईंनी ठरवून टाकलं. परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात, डबे कमी होतात, तेव्हा एक बाई कमी करायची. कुठली ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

त्याच खानावळीत इंजिनियरिंगची चार मुलं जेवायला यायची. त्यांच्या सरांनी त्यांना एक काम दिलं होतं. चौघांनी मिळून कोणाची तरी खरी अडचण शोधायची, तिच्यावर एक वस्तू करायची आणि ती त्या माणसाला वापरायला द्यायची. पुस्तकात बघून चालणार नव्हतं. त्यांनी ताटावर बसल्या बसल्या मला भिंत धरून उठताना पाहिलं, आणि त्यांना अडचण सापडली.

चौघांत एक उंच मुलगा होता, तो पुढारी. त्याच्या कमरेला मोबाईल होता. तेव्हा आलेल्या फोनलाही पैसे पडायचे, म्हणून तो घाईघाईने बोलायचा. एक चष्मेवाली मुलगी होती. बाकीचे दोघे संगणकावर चित्रं काढायचे आणि उंच मुलगा म्हणेल त्याला हो म्हणायचे.

ते एक छापील कागद घेऊन आले. काम करताना किती त्रास होतो ते एक ते पाच आकड्यांत सांगा, असं त्यात होतं. मला काही सुचेना. मी तीन म्हटलं, मधला आकडा आहे म्हणून. मग त्यांनी पुठ्ठ्याची एक उंच विळी करून आणली आणि विचारलं, "मावशी, कशी आहे?"

मी म्हटलं, "छान आहे."

मग संगणकावर काढलेलं चित्र दाखवलं. मी म्हटलं, छान आहे. मग लोखंडाचा घोडा, म्हणजे चार पायांची उंच बैठक, करून त्यावर विळी ठोकून आणली. पातं माझ्या छातीपर्यंत येत होतं. उंच मुलाने स्वतः त्याच्यावर कोबी कापून बघितला होता, त्याला बरोबर पुरत होतं. मी कोपर उचलून कोबी रेटला तसा घोडा पुढे सरकला. परत रेटला, परत सरकला. चिरलेला कोबी जमिनीवर पडला, कारण खाली परात ठेवायला जागाच नव्हती. चौघं माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी फोटोसाठी कॅमेरा आणला होता.

मी म्हटलं, "छान आहे."

त्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला आणि कागदावर बरोबरची खूण केली.

दुसऱ्या दिवशी घोडा सरकताना माझा तळहात कापला गेला. मालकीणबाईंनी घोडा कोठीत लोटला आणि वर बटाट्याची पोती रचली. मी खाली बसले. पाय मोडत नव्हता, म्हणून मी तो पुढे पसरून तिरकी बसत होते आणि विळी हलू नये म्हणून पाटावर दुसऱ्या बाईकडून वरवंटा ठेवून घेत होते. काम निम्म्यावर आलं. मालकीणबाई घड्याळाकडे बघायच्या. त्या चौघांना काही कळवावं असं माझ्या मनातही आलं नाही. कळवायचं कसं आणि काय तोंडाने?

पंधरा दिवसांनी चष्मेवाली मुलगी सकाळी लवकर डबा सांगायला आली. मला जमिनीवर बघून दारातच थांबली. आपली विळी कुठे आहे म्हणून विचारलं. मी कोठीकडे हनुवटीने दाखवलं. तिने पोती बघितली, माझ्या तळहाताला बांधलेली चिंधी बघितली. तिचा चेहरा लाल झाला.

"मग तुम्ही छान का म्हणालात, मावशी? तुमच्या छानवर आम्ही पुढचं सगळं केलं."

"तुम्ही पाहुणे," मी म्हटलं. "एवढं करून आणलंत. तोंडावर वाईट कसं म्हणायचं?"

मला वाटलं आता ही ओरडणार. ती ओरडली नाही. चप्पल काढून आत आली आणि शेजारच्या रिकाम्या विळीवर बसली. कोबी घेतला, रेटला, आणि विळी तिच्यासकट कलली. मी तिचा पाय धरून पाटावर ठेवला आणि गुडघा दाबला. विळी जागची हलेना. तिने परत कोबी रेटला, पाय उचलून रेटला, पाय ठेवून रेटला. मग पिशवीतून त्यांची चित्रांची वही काढली. पानामागून पान उलटलं. सगळ्या चित्रांत दोन हात होते, कोपरापर्यंत. पाय एकाही चित्रात नव्हता.

"आम्ही पाय काढलाच नाही," ती म्हणाली. नंतर वही मिटून म्हणाली, "आजपासून छान हा शब्द बंद. कुठे दुखतं ते सांगायचं."

आयुष्यात मला असं कोणी विचारलं नव्हतं. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लागलं.

रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असते. चष्मेवालीने बोलावलं आणि दर रविवारी मी त्यांच्या कॉलेजात जायला लागले. नवऱ्याला सांगितलं, जास्तीचं काम आहे. कार्यशाळेत लोखंडाचा, तेलाचा वास यायचा. तिथे मी जे शिकले ते चार वर्षांच्या शाळेत शिकले नव्हते. आधी पुठ्ठा, मग लाकूड, मग लोखंड. पुठ्ठ्यात चूक झाली तर कात्री पुरते, लोखंडात चूक झाली तर सगळं फुकट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे बरं झालं ते कळत नाही. आणि स्वतःच्या अंगावर मापायचं नाही, जी वापरणार तिच्या अंगावर मापायचं.

पहिल्या रविवारी मी कोपऱ्यात उभी राहिले. दुसऱ्या रविवारी चष्मेवालीने कात्री माझ्या हातात दिली. माझं कोपर जमिनीपासून मोजलं आणि त्याच्या चार बोटं खाली पातं घेतलं. परातीसाठी खाली घडवंचीसारखी फळी काढायची हे मी पुठ्ठा दुमडून दाखवलं. घोडा सरकत होता, त्यावर ती तिघं मुलं टेबलाला आवळायचे स्क्रू शोधत बसली होती. मी जमिनीलगत एक पुठ्ठ्याची पट्टी घोड्याला जोडली आणि तिच्यावर पाय ठेवून उभी राहिले. पाय पाटावर असतो, तो उभं राहूनही पाटावरच असू दे, एवढंच. उजवा दुखला की डावा ठेवायचा. उंच मुलाने घोडा दोन्ही हातांनी ढकलून बघितला. मी पायावर भार दिला होता. हलला नाही.

"भारी," तो म्हणाला. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी खिडकीशी बसून हसत होते. त्या हसण्याचाही मला आता राग येतो.

एकदा त्यांचे सर आले. मी पुठ्ठा कापत होते. त्यांनी विचारलं, या कोण? उंच मुलगा म्हणाला, युजर आहेत सर. मी नंतर चष्मेवालीला अर्थ विचारला. ती म्हणाली, वापरणारी. मी म्हटलं, कापणारी पण मीच ना. ती हसली. मीही हसले.

ठरलं होतं की लोखंडाची विळी झाली की परीक्षकांना दाखवायची आणि मग ती माझी. उंच मुलगा दोनदा म्हणाला होता, ही तुमचीच मावशी, आम्ही काय कोबी चिरणार आहोत? परीक्षा संपायच्या आत ती खानावळीत आली की माझं काम टिकणार होतं. मी मालकीणबाईंना तसं सांगूनही टाकलं. त्या म्हणाल्या, बघू, आली की बघू.

दाखवायच्या दिवशी मी लग्नातली साडी नेसून गेले. बाहेरच्या कंपन्यांचे लोक आले होते. मी पट्टीवर पाय ठेवला आणि एक कोबी चिरला, केसासारखा बारीक. परातीबाहेर एक तुकडा पडला नाही. टाळ्या झाल्या. एका पाहुण्याने वाकून खालची पट्टी बघितली आणि उंच मुलाला विचारलं, हे पायाचं तुम्हाला कसं सुचलं?

मी त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते. हातात कोबीचं खोड होतं.

"निरीक्षणातून, सर," तो म्हणाला.

मी चष्मेवालीकडे बघितलं. ती खाली बघत होती. पाहुण्याने त्याला कुठल्या कंपनीत अर्ज केलाय ते विचारलं आणि दोघं बोलत पुढे गेले. मी बोलायला हवं होतं. पाय माझा, पुठ्ठा माझा, असं दोन वाक्यांत झालं असतं. तोंड उघडलं नाही. मी खोड परातीत ठेवलं आणि साडीला हात पुसले.

त्यानंतर आठवडा गेला, विळी आली नाही. दुसरा गेला. चौघंही जेवायला येईनाशी झाली, अभ्यासाला घरी गेली असं कळलं. उंच मुलाला संगणकाच्या कंपनीत नोकरी लागली होती. मालकीणबाई म्हणाल्या, "काय, आली का तुमची मोटारगाडी?"

मी एकटी कॉलेजात गेले. शिपाई मला ओळखत होता, त्याने आत सोडलं. कपाट मला दारातूनच दिसलं. विळी पुसून, तेल लावून आत ठेवली होती. खाली दोन चिठ्ठ्या होत्या. एक इंग्रजीत छापलेली. दुसरी मराठीत, हाताने लिहिलेली, कोणी मोठे पाहुणे येणार होते म्हणून. अक्षर चष्मेवालीचं होतं. दर रविवारी ते मी वहीत पाहिलं होतं.

"अशिक्षित श्रमिक महिलेची समस्या निरीक्षणातून ओळखून विद्यार्थ्यांनी तयार केलेली उभी विळी."

खाली चौघांची नावं. मी तीनदा वाचलं. मला वाचता येतं हे लिहिताना तिच्या मनात आलं नसेल. किंवा मी कधी कपाटापाशी येईन असं वाटलं नसेल. कुठलं जास्त वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

सर त्यांच्या खोलीत होते. मी विळी मागितली. ते वाईट बोलले नाहीत, खुर्चीवर बसा म्हणाले. सामान कॉलेजचं आहे, पुढच्या वर्षीच्या मुलांना नमुना म्हणून दाखवायचा आहे, असा नियम आहे म्हणाले. मुलांनी तसं काही कबूल करायला नको होतं, असंही म्हणाले. मग म्हणाले, तुम्हाला काय, अशी दुसरी करून घ्या.

मी उठले. दाराशी गेले. आणि तिथून माझा आवाज आला. मलाच तो ओळखीचा वाटला नाही.

"चौथी पास आहे मी. तो शब्द पुसा."

त्यांना आधी कळेना. कळल्यावर म्हणाले, "अहो बाई, ते तुम्हाला उद्देशून नाही. सर्वसाधारण लिहिलंय."

मी बाहेर आले. कपाटापाशी क्षणभर थांबले, माप घ्यावं म्हणून. मग लक्षात आलं की माप काचेतून घ्यायची गरज नाही. माप माझ्या अंगावर आहे.

शेजाऱ्यांकडे नवीन फ्रिज आला होता. त्याचं खोकं मी मागून आणलं. दोन दुपारी बसून पुठ्ठ्याचा घोडा केला, कोपराखाली चार बोटं, परातीची फळी, पायाची पट्टी. तो डोक्यावर घेऊन मी धायरी फाट्याजवळच्या खिडक्यांचं ग्रिल करणाऱ्याकडे गेले. रस्त्यात लोक बघत होते. एरवी मी परत फिरले असते. त्या दिवशी अंगात एवढा राग होता की लाजायला जागा नव्हती.

तो म्हणाला, ड्रॉइंग आणा. मी म्हटलं, हेच ड्रॉइंग. त्याने भंगारातल्या पट्ट्या जोडून घोडा केला आणि स्वतः त्यावर हात टेकून बघितला.

"ठीक आहे ना?"

"नाही," मी म्हटलं.

उंची कमी केली. परात बसेना. फळी खाली घेतली. मग पायाची पट्टी डळमळायला लागली. तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "मावशी, कुठल्या कॉलेजात शिकलात?"

मी कॉलेजचं नाव सांगितलं. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

परीक्षा संपायला दोन दिवस होते तेव्हा मी विळी टेम्पोत घालून खानावळीत आणली. मालकीणबाई आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मी एक गड्डा चिरला, दुसरा चिरला, तिसरा घेतला. घड्याळाकडे त्यांनी दोनदा बघितलं. मग म्हणाल्या, मुलांच्या त्या घोड्यापेक्षा काळी आहे, आणि आत गेल्या. सुट्टीत एक बाई कमी झाली नाही. तिघींनाही आलटून पालटून खाडे दिले. मला कोणी घरी बस म्हणालं नाही.

काम राहिलं म्हणून राग गेला असं नाही. ती मुलगी नंतर एकदा जेवायला आली. माझ्या विळीकडे बघत राहिली आणि म्हणाली, मावशी, ही आमच्यापेक्षा बरी झाली आहे. मी चिरत राहिले. चिठ्ठीबद्दल तिला विचारायचं मी ठरवून ठेवलं होतं, वाक्य घोकून ठेवलं होतं. तिने ताट संपवलं, हात धुतले आणि गेली. माझं वाक्य अजून माझ्यापाशीच आहे. ते आज या वहीत लिहिते: तुझा पाय पाटावर कोणी ठेवला, गुडघा कोणी दाबला, ते तरी लिहायचंस.

पुढच्या महिन्यात आमच्यातली तिसरी बाई, सगळ्यात बुटकी, म्हणाली की बसून बसून तिची कंबर धरते. मी तिला माझ्या घोड्यापाशी उभी केली. तिचे हात खांद्यापर्यंत वर गेले. कोबी रेटताना ती टाचा उचलत होती. मी विचारलं, कशी वाटते?

"छान आहे," ती म्हणाली.

मापाला आणलेला पुठ्ठा माझ्या हातात होता, तो मी जमिनीवर आपटला. ती दचकली. सात वर्षांत तिने माझा चढा आवाज ऐकला नव्हता.

"छान म्हणू नकोस," मी म्हटलं. "कुठे दुखतं ते सांग."

तिने हातातला कोबी खाली ठेवला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाली, इथे. मी मोजपट्टी घेऊन तिचं कोपर मोजायला लागले.